मिसरूड फुटण्याच्या आधी

आठवीच्या मुलग्यांचा वयात येण्याबद्दलचा खास तास असतो तेव्हा मी टेबलावर बुटांचं रिकामं खोकं ठेवतो. झाकणाला चीर पाडलेली. नाव न घालता चिठ्ठी टाकायची, एवढाच नियम. चिठ्ठ्यांना इतक्या बारीक घड्या घातलेल्या असतात की उलगडताना कागद घडीवरच फाटतो. विज्ञान शिकवायला लागल्यापासून हे खोकं कितीदा भरलं आणि रिकामं झालं, पण आतले प्रश्न काही बदलत नाहीत. ‘छातीत गाठ आलीय, हात लागला तरी दुखतं. मी मुलगी होणार का?’ ‘वर्गात सगळ्यांचा आवाज फुटला, माझाच नाही.’ ‘झोपेत कपडे ओले होतात. अशक्तपणा येईल का?’ ‘जिममधला दादा म्हणतो, इंजेक्शन घेतलं की सहा महिन्यांत बॉडी होते. घेऊ का?’

पहिल्या तीन चिठ्ठ्यांमागे एकच भीती आहे: माझ्यात काहीतरी बिघडलंय. आणि जवळजवळ नेहमीच काहीही बिघडलेलं नसतं. चौथ्या चिठ्ठीत मात्र खरोखर बिघडू शकेल अशी गोष्ट आहे, आणि तिला घाबरणारा मुलगा मला अजून भेटलेला नाही. हे असं उलटं व्हायचं कारण एकच, आत काय चाललंय ते त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं.

मुलगी वयात आली हे घरात एका ठरावीक दिवशी कळतं. मुलाच्या बाबतीत तसा दिवस नसतो. त्याच्यासाठी आपल्या भाषेत दोनच खुणा आहेत, मिसरूड फुटणं आणि आवाज फुटणं. एक दिसते, एक ऐकू येते. पण त्या दोन्ही येतात तेव्हा निम्मी वाट सरलेली असते. खरी पहिली खूण घरच्यांना कळत नाही, बहुतेकदा त्या मुलालाही नाही: त्याची वृषणं मोठी व्हायला लागतात. झुरिकचे बालरोगतज्ज्ञ आंद्रेआ प्रेडर यांनी १९६६ मध्ये ती मोजायला एक अगदी साधं साधन दिलं. दोऱ्यात ओवलेले बारा लंबगोल मणी, जपमाळेसारखे. सर्वांत लहान मणी १ मिलिलिटरचा, सर्वांत मोठा २५ चा. आकार कोणत्या मण्याशी जुळतो ते पाहायचं, बस. तीनपर्यंत बालपण, आणि चारचा मणी जुळला की वयात येणं सुरू झालं. रक्ताच्या इतक्या तपासण्या निघाल्या, तरी मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांच्या टेबलावर ही माळ आजही असते.

हा चारचा मणी ९ ते १४ या वयात कधीही जुळू शकतो. बहुतेकांचा अकरा-बाराच्या सुमारास जुळतो. म्हणजे एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलांत चार-पाच वर्षांचं अंतर पडू शकतं आणि तरी दोघंही धडधाकट असतात. तासाच्या सुरुवातीला मी फळ्यावर हेच दोन आकडे लिहितो, ९ आणि १४, आणि तास संपेपर्यंत पुसत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण आईवडिलांची तिथे गफलत होते. सातव्या-आठव्या वर्षापासून मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आपले सौम्य हार्मोन सोडू लागतात. त्यामुळे घामाला वास येतो, कपाळ तेलकट होतं, काखेत तुरळक केस दिसतात. मुलगा वयात आला असं वाटतं, पण हा वेगळाच कारखाना आहे. मुख्य यंत्रणा त्यावर अवलंबून नाही.

मुख्य यंत्रणेचा हुकूम सुटतो मेंदूतून. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. तिथे काही चेतापेशी जीएनआरएच नावाचं हार्मोन बनवतात. मेंदूत अब्जावधी पेशी, आणि त्यात या पेशी सगळ्या मिळून एक-दोन हजार. त्यांचा जन्मही मेंदूत होत नाही. गर्भात असताना त्या नाकाच्या जागी तयार होतात आणि वासाच्या नसांचा माग धरून मेंदूत चालत जातात. काही मुलांमध्ये हा प्रवास वाटेतच अडतो. अशी मुलं वेळेवर वयात येत नाहीत आणि त्यांना वासही येत नाही. या अवस्थेला कालमन सिंड्रोम म्हणतात. म्हणून सोळा वर्षांचा मुलगा वयात येत नाही अशी तक्रार घेऊन आला की जाणता डॉक्टर त्याला विचारतो, ‘भाजीला फोडणी दिली की वास कळतो का?’ आई बुचकळ्यात पडते, पण प्रश्न नेमका असतो.

जीएनआरएच खाली लोंबणाऱ्या पीयूषिका ग्रंथीला उठवतं, आणि ती दोन हार्मोन रक्तात सोडते, एलएच आणि एफएसएच. पण त्यात एक खुबी आहे, आणि मला स्वतःला या सगळ्या विषयात तीच सर्वांत विलक्षण वाटते. जीएनआरएच सतत वाहून चालत नाही. ते ठेक्यात यावं लागतं. अमेरिकेत पिट्सबर्गला अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाने १९७० च्या दशकात ऱ्हीसस माकडांवर हे दाखवून दिलं. दर तासाला थोडं जीएनआरएच दिलं की पीयूषिका कामाला लागायची. तेच हार्मोन अखंड देत राहिलं की ती गप्प बसायची. दारावर थांबून थांबून थाप मारली तर आतला माणूस उठून येतो, सारखी धडधड चालू राहिली तर तो कानावर उशी घेतो, तसं काहीसं. याच ज्ञानातून पुढे औषध आलं. ज्या मुलांचं वयात येणं फारच लवकर सुरू होतं, त्यांना जीएनआरएचसारखंच पण शरीरात टिकून राहणारं औषध देतात. पीयूषिकेला ठेका ऐकू येत नाही आणि यंत्रणा थांबते. योग्य वयात औषध बंद केलं की ठेका पुन्हा सुरू होतो.

हा ठेका कोण धरतो? किसपेप्टिन नावाचं प्रथिन सोडणाऱ्या चेतापेशी. त्याचं जनुक १९९६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी सापडलं, तेही कर्करोगावर काम करताना. गाव चॉकलेटसाठी प्रसिद्ध, म्हणून तिथल्या ‘किसेस’ या चॉकलेटवरून जनुकाला नाव मिळालं. त्याचा वयात येण्याशी संबंध आहे हे कळायला २००३ उजाडलं. फ्रान्स आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे पाहिलं की काही कुटुंबांत माणसं वयातच येत नव्हती, आणि त्यांच्यात किसपेप्टिनचा निरोप घेणारं कुलूप बिघडलेलं होतं.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ही यंत्रणा अकराव्या वर्षी पहिल्यांदा चालत नाही. मुलगा एक ते तीन महिन्यांचा असतो तेव्हा त्याच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे वृषणांत बनणारं पुरुषी हार्मोन, बरंच चढतं, आणि सहा महिन्यांपर्यंत उतरून जातं. मांडीवरचं बाळ! नवं इंजिन कारखान्यातून बाहेर पडायच्या आधी एकदा चालवून बघतात, तसं शरीर हे करून घेतं. मग मेंदू ब्रेक लावतो आणि तो दहा-एक वर्षं लागून राहतो. वयात येणं म्हणजे नवं काही सुरू होणं नव्हे, तो ब्रेक सैल होणं. आणि तो आधी रात्री सैल होतो. सुरुवातीच्या महिन्यांत एलएचच्या लाटा फक्त झोपेत येतात, पहाटे टेस्टोस्टेरॉन चढतं आणि दिवसा पुन्हा खाली येतं. मुलगा दिवसा लहान आणि रात्री मोठा होत असतो. अंगावर पुरेसं मांस नसेल, आजारपण लांबलेलं असेल, तर मेंदू ब्रेक सोडायला उशीर करतो, कारण वाढीला लागणारं भांडवल घरात आहे का हे तो आधी बघतो.

आता वृषणांत काय होतं ते पाहू. तिथे दोन प्रकारच्या पेशी आपापलं काम वाटून घेतात. एलएचचा हुकूम लायडिग पेशींसाठी, त्या टेस्टोस्टेरॉन बनवतात. एफएसएचचा हुकूम सर्टोली पेशींसाठी, त्या शुक्राणूंना वाढवतात. जर्मनीचे फ्रान्झ लायडिग यांनी १८५० मध्ये आणि इटलीचे एन्रिको सर्टोली यांनी १८६५ मध्ये या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, त्यावरून ही नावं. पेशी दिसल्या तेव्हा हार्मोन हा शब्दही जन्मला नव्हता.

मात्र वृषणांतून रक्तात काहीतरी मिसळतं, हे त्याआधीच एकाने कोंबड्यांवरून ओळखलं होतं. १८४९ मध्ये गटिंगेनला आर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी सहा कोंबड्यांची वृषणं काढली. ज्यांना तसंच ठेवलं त्यांचे तुरे सुकले, आरवणं गेलं, एकमेकांशी झुंजणं संपलं. काहींच्या पोटात मात्र त्यांनी वृषण परत बसवलं, आधीच्या जागेपासून दूर, जुन्या नसांशी संबंध नसताना. ते कोंबडे रुबाबात आरवत राहिले आणि त्यांचे तुरे लालभडक राहिले. नस नाही आणि तरी परिणाम होतोय, म्हणजे निरोप रक्तातूनच जात असला पाहिजे. ज्यांच्या अंगणात कोंबडा आहे अशा मुलांना हा प्रयोग सांगितला की टेस्टोस्टेरॉन दुसऱ्यांदा समजवावं लागत नाही. तो पदार्थ शुद्ध रूपात हाती यायला मात्र १९३५ उजाडलं, ॲम्स्टरडॅममध्ये, बैलांच्या वृषणांतून.

लहानपणी मुलाच्या रक्ताच्या एका डेसिलिटरमध्ये टेस्टोस्टेरॉन २० नॅनोग्रॅमच्या आत असतं. मोठ्या पुरुषात ते साधारण ३०० ते १००० असतं. इतकी मोठी उडी शरीर तीन-चार वर्षांत घेतं. पण टेस्टोस्टेरॉन सगळीकडे टेस्टोस्टेरॉन म्हणूनच काम करत नाही. स्नायू, रक्त आणि स्वरयंत्रावर ते स्वतः काम करतं. त्वचेत आणि प्रोस्टेट ग्रंथीत गेलं की त्याचं डीएचटी नावाचं जास्त जहाल रूप होतं; दाढीमिशा आणि अंगावरचे केस हे त्याचं काम. आणि हाडांत व चरबीत त्याच्यातलं थोडं चक्क इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. हो, ज्याला आपण बायकांचं हार्मोन म्हणतो तेच.

पहिल्या चिठ्ठीचं उत्तर इथे आहे. वयात येताना सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन पुरतं चढलेलं नसतं आणि इस्ट्रोजेनचा परिणाम काही काळ वरचढ ठरतो. मग स्तनाग्राच्या मागे एक लहान, दुखरी चकती येते, कधी एका बाजूला, कधी दोन्हीकडे. हे अपवादाने होत नाही. निम्म्या किंवा त्याहून जास्त मुलांना होतं, बहुतेकदा तेरा-चौदाव्या वर्षी, आणि सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जिरतं. मी वर्गात हे सांगतो तेव्हा काही मुलांचे खांदे खाली येतात. महिनोन्‌महिने दप्तर छातीशी धरून चालणारी मुलं असतात ती. पोहायचं सोडलेली, खेळाच्या तासाला पोट दुखतंय म्हणून बाकावर बसणारी. गाठ फारच वाढत असेल, किंवा दोन वर्षांनंतरही राहिली, तर डॉक्टरांना दाखवायचं. एरवी वाट बघायची.

इस्ट्रोजेनचं दुसरं काम त्याहून मोठं आहे. मुलगे साडेतेरा-चौदाच्या आसपास झपाट्याने उंच होतात, वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर. मुलींचं हे दोन वर्षं आधी होऊन गेलेलं असतं, म्हणून सातवीच्या वर्गाच्या फोटोत मुली मागच्या रांगेत असतात आणि दहावीच्या फोटोत मुलगे. आधी पावलं वाढतात, मग पाय, मग धड. जूनमध्ये घेतलेले बूट दिवाळीत चावायला लागतात ते यामुळे. या वाढीला चालना देणारं आणि शेवटी हाडांच्या टोकांची वाढपट्टी बंद करणारं हार्मोन एकच, इस्ट्रोजेन. हे पक्कं कळलं १९९४ मध्ये, अमेरिकेतल्या एका २८ वर्षांच्या माणसामुळे. त्याचं टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं, पण शरीराला इस्ट्रोजेनचा निरोप ऐकूच येत नव्हता. तो २०४ सेंटिमीटर उंच झाला होता, त्याच्या हाडांचं वय पंधरा वर्षांचं होतं आणि अठ्ठाविसाव्या वर्षीही त्याची उंची वाढत होती. हा माणूस लक्षात ठेवा, चौथ्या चिठ्ठीपाशी तो पुन्हा येणार आहे.

टेस्टोस्टेरॉन लाल रक्तपेशीही वाढवतं, तेव्हा वयात येणाऱ्या मुलाला लोह जास्त लागतं. शाळेत आठवड्याला जी निळी गोळी मिळते ती मुलींइतकीच मुलांसाठीही आहे. मुलगे ती खिडकीतून टाकतात, घरचेही ‘मुलाला कशाला’ म्हणतात. खाऊ द्या त्याला, जेवणानंतर.

आवाजाचं सांगतो. टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरयंत्राचं कूर्चेचं घर पुढे सरकतं, गळ्यात कंठमणी दिसतो, आतल्या स्वरतंतूंची लांबी आणि जाडी वाढते. तार जाड आणि लांब झाली की स्वर उतरतो, हे तंबोरा लावणाऱ्याला सांगायला नको. मुलाचा स्वर साधारण एक सप्तक खाली येतो. पण तंतू एका रात्रीत वाढले तरी त्यांना ताण देणारे स्नायू नवा अंदाज शिकायला वेळ घेतात, आणि मधल्या काही महिन्यांत आवाज घसरतो, चिरकतो. संगीत नाटकांच्या काळात स्त्री भूमिका करणाऱ्या मुलांच्या बाबतीत कंपनीला सगळ्यात धास्ती असायची ती याचीच. गाणाऱ्या मुलाने या दिवसांत रियाज सोडायची गरज नाही. खालच्या पट्टीत, जोर न लावता गावं. पण आवाज फुटणं ही मधली पायरी आहे, पहिली नाही. चारचा मणी जुळल्यानंतर तिथे पोचायला दीड-दोन वर्षं सहज जातात. म्हणून ‘माझाच आवाज फुटला नाही’ असं लिहिणाऱ्या मुलाचं वयात येणं आत कधीचंच सुरू झालेलं असू शकतं.

तिसरी चिठ्ठी. सर्टोली पेशी दाटीने उभ्या असतात आणि त्यांच्या कुशीत शुक्राणू वाढतात. वयात येताना या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून भिंत उभी करतात, कारण शुक्राणू शरीराच्या दृष्टीने उशिरा आलेले पाहुणे आहेत. रक्तातल्या पहारेकऱ्यांनी त्यांना कधी पाहिलेलं नसतं. भिंत नसेल तर ते त्यांना परके समजून हल्ला करतील. एक शुक्राणू तयार व्हायला दोन ते अडीच महिने लागतात आणि धडधाकट पुरुषात रोज कोट्यवधी तयार होतात. हे काम शरीराच्या उष्णतेत नीट होत नाही, दोन-चार अंश थंडावा लागतो. म्हणून तर वृषणं पोटाबाहेर पिशवीत असतात. ज्या बाळाचं वृषण पोटातच अडकलंय त्याची शस्त्रक्रिया सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करून घ्यायची असते. ‘मोठा झाला की उतरेल’ म्हणून थांबलेली घरं मी पाहिली आहेत. सहा महिन्यांनंतर ते सहसा उतरत नाही.

तेरा-चौदाच्या सुमारास शुक्राणू तयार होऊ लागतात आणि झोपेत वीर्य बाहेर पडू शकतं. त्याला आपण नाव काय ठेवलं? स्वप्नदोष. ज्यात दोष नाही त्याच्या नावातच दोष घालून ठेवला, आणि मग मुलांना घाबरू नका म्हणून सांगत बसतो. वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट यांच्या स्रावांचा असतो, शुक्राणूंचा वाटा शंभरात दोन-पाच भागांचा. रक्ताच्या चाळीस थेंबांतून एक थेंब वीर्य होतं ही समजूत गावोगाव आहे, आणि तिला शरीरात काहीही आधार नाही. रक्त आटत नाही, शक्ती जात नाही, स्मरणशक्ती कमी होत नाही. ‘धातू जातो’ म्हणून खंगणारी तरुण मुलं आपल्याकडे इतकी येत की मानसोपचारतज्ज्ञ न. ना. विग यांनी १९६० मध्ये या भीतीलाच धात सिंड्रोम असं नाव दिलं. खंगवते ती भीती. मराठीत हे स्पष्ट सांगणारा माणूस त्याच्याही आधी होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले, पण शरीराबद्दल खरं तेच लिहिलं. आणि तरी अजून एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘गुप्तरोग, धातू, शर्तिया इलाज’ रंगवलेलं दिसतं आणि मुलं खिशातले पैसे तिथे नेऊन देतात. याचा मला मनापासून राग येतो.

आता चौथी. जिममधलं इंजेक्शन.

आतापर्यंत हुकूम वरून खाली जाताना पाहिला. पण खालून वरही निरोप जातो. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं की मेंदूला कळतं आणि तो जीएनआरएचचा ठेका मंदावतो. सर्टोली पेशीही इनहिबिन नावाचं हार्मोन पाठवून एफएसएचला सांगतात, बास, पुरे. गच्चीवरची टाकी भरली की मोटर बंद होते तशी ही व्यवस्था. आता बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की काय होईल? मेंदूला वाटेल टाकी भरली. एलएच आणि एफएसएच बंद. लायडिग पेशी रिकाम्या बसतात. आणि शुक्राणू तयार व्हायला वृषणाच्या आत रक्तातल्याच्या कितीतरी पट टेस्टोस्टेरॉन लागतं, ते फक्त तिथल्या तिथेच बनू शकतं. इंजेक्शनने दंड फुगतो, रक्तातला आकडा चढतो, पण वृषणाच्या आत दुष्काळ पडतो. ती आक्रसतात आणि शुक्राणू कमी होत होत कित्येकांत शून्यावर येतात.

हे इतकं खात्रीचं आहे की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून ते तपासलं. १९९० मध्ये निकाल छापून आले. दर आठवड्याला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेणाऱ्या २७१ निरोगी पुरुषांपैकी निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वीर्यात सहा महिन्यांत एकही शुक्राणू उरला नाही. त्यांची इंजेक्शनं डॉक्टरांच्या देखरेखीखाली होती, मोजून मापून होती. जिमच्या मागच्या खोलीत मिळणारी कुपी कशाची, किती ताकदीची, कुणाला ठाऊक? बंद केल्यावर बऱ्याच जणांत यंत्रणा परत सुरू होते, पण महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त.

आणि मुलगा अजून वाढीच्या वयात असेल तर नुकसान न भरून येणारं. तो २०४ सेंटिमीटरचा माणूस आठवतोय? त्याच्या हाडांपर्यंत इस्ट्रोजेनचा निरोप पोचला नाही म्हणून वाढपट्टी उघडी राहिली. इथे उलट होतं. टोचलेल्या टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं, वाढपट्ट्या वेळेआधी मिटतात, आणि जो मुलगा पाच फूट नऊ इंच झाला असता तो पाच फूट पाचवर थांबू शकतो. छातीतली ती गाठही त्याच इस्ट्रोजेनमुळे वाढते. ज्या दोन गोष्टींची या वयात सर्वांत जास्त लाज वाटते, बुटकेपणा आणि छाती, नेमक्या त्याच मुलगा पैसे मोजून विकत घेतो. मी चिठ्ठी फळ्याजवळ मोठ्याने वाचतो आणि उत्तर एका शब्दात देतो: नाही. मग वरचं सगळं समजावतो.

चिठ्ठीत कधीच न येणारी एक गोष्ट मी आपण होऊन सांगतो. वृषणात अचानक तीव्र वेदना उठली, उलटी झाली, तर वृषण स्वतःभोवती पिळवटून त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. बारा ते अठरा हे त्याचं नेहमीचं वय. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर ते बहुतेक वेळा वाचतं, उशीर झाला तर काढावं लागतं. मुलं लाजेने ‘पोट दुखतंय’ एवढंच सांगतात, आई ओवा देते, आणि रात्र तशीच जाते. तेव्हा पोटात दुखतंय म्हणणाऱ्या या वयाच्या मुलाला एकांतात विचारा, नेमकं कुठे दुखतंय. आणि मुलांना सांगून ठेवा, त्या जागेचं दुखणं सकाळपर्यंत थांबत नाही, घरच्यांना उठवायचं. सरकारी रुग्णालयांत दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं. बाकीच्या शंका तिथे मोकळेपणाने विचारता येतात.

राहता राहिली फार लवकर किंवा फार उशिरा वयात येणारी मुलं. नऊच्या आधी सुरुवात झाली तर लगेच डॉक्टरांकडे जायचं, कारण मुलग्यांत फार लवकर वयात येण्यामागे मेंदूतली गाठ किंवा दुसरं काही कारण असण्याची शक्यता मुलींपेक्षा जास्त असते. चौदा पूर्ण झाली आणि चारचा मणी जुळत नसेल तरीही जायचं. डॉक्टर डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय पाहतात, रक्त तपासतात. पण त्याआधी ते आणखी एक विचारतात, आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं, कारण उशिरा वयात येण्याचं सर्वांत जास्त दिसणारं कारण घराण्याचा वारसा हेच आहे.

गेल्या वर्षी पालकसभेनंतर एक वडील थांबले होते. मुलगा नववीत, वर्गात सर्वांत लहानखुरा, पायाच्या अंगठ्याने फरशी घासत उभा. डॉक्टरांची वेळ घेतली आहे म्हणाले. मी म्हटलं, ते तुम्हाला विचारतील, तुम्ही दाढी कधी करायला लागलात?

ते जरा विचारात पडले. ‘बारावीनंतर,’ म्हणाले. ‘दहावीच्या निरोपसमारंभाच्या फोटोत मी पहिल्या रांगेत मांडी घालून बसलोय, आणि माझ्या पाठीमागे सगळे बाप्ये उभे आहेत. कॉलेजात गेल्यावर दोन वर्षांत चार पँटी आखूड झाल्या.’

मुलाने मान वर केली. ‘बाबा, तो फोटो घरी आहे?’

‘आजीच्या ट्रंकेत असेल,’ ते म्हणाले. ‘चल, काढू.’